गृह्य मोर्यवरोध : लक्षण, भेद आणि परिहार

मानवी ज्ञानाच्या ज्या शाखांना विद्यापीठात स्वतंत्र विभाग, विभागाला प्रमुख आणि प्रमुखाला खोली मिळालेली आहे, त्यांत मोर्यवरोधशास्त्राची गणना अद्याप होत नाही. व्याकरण, ज्योतिष, अलंकार यांवर भाष्यांमागून भाष्ये रचली गेली. परंतु ज्या न्हाणीत या भाष्यकारांनी प्रातःस्नान केले, त्या न्हाणीतले पाणी पुढे कोठे गेले आणि एखाद्या सकाळी ते का गेले नाही, या प्रश्नाकडे विद्वानांनी सातत्याने पाठ फिरवली. ही उणीव दूर व्हावी, निदान तिच्यात कोपरापर्यंत हात घातला जावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. लक्षण

गृहांतर्गत अपजलाच्या अधोगामी गतीस नलिकेच्या उदरात द्रव्यसंघातामुळे आलेला प्रतिबंध म्हणजे मोर्यवरोध. व्यवहारात यासच तुंबणे आणि मुंबईत चोकअप अशी संज्ञा आहे.

या लक्षणातील प्रत्येक पद सार्थ आहे. ‘गृहांतर्गत’ हे पद नसते, तर पावसाळ्यात दादरच्या हिंदमाता परिसरात साचणारे पाणीही या शास्त्राच्या कक्षेत आले असते; त्याचे अधिकारी वेगळे. ‘अधोगामी’ या पदाने नळाला पाणी न येणे वगळले जाते, कारण तो अभाव आहे, अवरोध नव्हे. ‘नलिकेच्या उदरात’ हे पद गाळल्यास मोरीच्या तोंडावर उपडा पडलेला तांब्यादेखील अवरोध ठरून अतिव्याप्तीचा दोष उद्भवेल. कोणी अव्याप्तीचा आक्षेप घेईल, की पाणी जाते खरे पण सावकाश जाते, तेव्हा काय म्हणावे? त्यास उत्तर असे : तो मंदावरोध होय. स्नान संपण्यापूर्वी पाणी घोट्याला लागले तर अवरोध सिद्ध झाला असे समजावे.

प्राचीन महाराष्ट्रात अवरोध ऐच्छिक असे, याचा सबळ पुरावा ‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ या म्हणीत आहे. यजमान बोळा स्वहस्ते घालीत आणि स्वहस्ते काढीत. म्हणीचा रोख दरवाजाकडे आहे असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दरवाजा हा तेथे आनुषंगिक विषय होय.

२. प्रमाणविचार

अवरोध झाला आहे हे कशावरून जाणावे? नैयायिकांची चारही प्रमाणे येथे लागू पडतात.

प्रत्यक्षाविषयी विवेचनाची गरज नाही. ते पायाला लागते. अनुमानाचा हेतू म्हणजे गुडगुड. ‘जेथे जेथे गुडगुड, तेथे तेथे अवरोध’ ही व्याप्ती अनेक गृहस्थांस निर्दोष वाटते, पण ती तशी नाही. इमारतीच्या उभ्या नळाला गच्चीवर हवेसाठी मोकळे तोंड नसेल, तर वरच्या मजल्यावरून कोसळणारे पाणी नळातली हवा आपल्यामागे खेचते, आणि खालच्या मजल्यांवरील सर्वथा निर्मळ मोऱ्याही गुडगुडू लागतात. हेतू सव्यभिचार ठरतो. अशा वेळी मोरी साफ करणाऱ्याचे श्रम वाया जातात. दोष पाण्याच्या वाटेत नसून हवेच्या वाटेत असतो.

उपमान शेजाऱ्यांकडून प्राप्त होते : “आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं.” चौथे प्रमाण शब्द, म्हणजे आप्तवचन. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर दारात उभे राहून “तुमचं बाथरूम आमच्या बाथरूममध्ये येतंय” असे म्हणतात, तेव्हा अन्य तिन्ही प्रमाणे गौण होतात. आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा. आणि ज्याच्या छतातून थेंब पडत असतो त्याला असत्य बोलण्याचे प्रयोजन उरत नाही.

भाट्ट मीमांसकांनी मानलेले अनुपलब्धी हे प्रमाणही दुर्लक्षून चालणार नाही. कानातल्याची फिरकी घरात कोठेही न सापडणे, हे तिचे उदाहरण.

३. कारणमीमांसा

केस, साबण, तूप, शिते ही समवायी कारणे. त्यांचा परस्पर संयोग हे असमवायी कारण. राहिले निमित्तकारण, म्हणजे कर्ता. आणि येथे शास्त्र अडते. केस आईच्या मते मुलीचे असतात, मुलीच्या मते आजीचे, आणि आजीच्या मते आमच्या वेळी असे काही नव्हते. वडील आपल्या डोक्यावरून एकवार हात फिरवून स्वतःला चर्चेतून वगळतात. निमित्तकारण निश्चित झालेले एकही घर अद्याप पाहण्यात आलेले नाही. म्हणून मोर्यवरोध हा अपौरुषेय मानण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे.

४. द्रव्यानुसार भेद

(१) केशज. हा न्हाणीतला राजा होय. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि त्याच्या पृष्ठावर खवले असल्याने एक दुसऱ्यात गुंततो. साबणातील मेदाम्ले कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतात, आणि ही साय केसांच्या जाळ्यास सांधते. उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी सुरू झाले की साबणाला फेस येईनासा होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तो न आलेला फेस नळीत सायरूपाने जमा होत असतो. केशज अवरोधाचे उत्खनन नेहमी थराथराने करावे. वरचा थर साबणाचा, त्याखाली केस, केसांत गुंतलेल्या टिकल्या आणि शाम्पूच्या पुडीचे दातांनी फाडलेले कोपरे. उटण्याचा पिवळसर पट्टा लागल्यास कालनिश्चिती करता येते : त्याखालचे सर्व दिवाळीपूर्वीचे.

(२) स्नेहज. स्वयंपाकघरातील सिंकचा हा आनुवंशिक व्याधी. तूप, वनस्पती, तळणीचे तेल गरम पाण्यासोबत निमूट उतरते, काही हात अंतरावर थंडावते आणि नळीच्या आतून बसते. खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. पुण्यातल्या डिसेंबरात ते बाटलीत गोठते, मग नळीत गोठणार नाही असे मानण्यास कोणताही आधार नाही. या प्रकाराचे सर्वांत भव्य रूप २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील भुयारी गटारात प्रकट झाले : सुमारे २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा मेदपर्वत, ओल्या कागदी रुमालांनी सांधलेला. त्याचा एक तुकडा पुढील वर्षी लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडण्यात आला आणि लोक तो पाहण्यास गेले. आपल्याकडील अवरोध गुणवत्तेने कमी नाहीत; ते जतन होत नाहीत, एवढेच.

(३) अन्नज. भाताची शिते, चहाचा चोथा, कढीपत्ता. शिते फुगतात, चोथा बसतो, कढीपत्ता आडवा होतो.

(४) क्षारज. कठीण पाण्याचा पांढरा थर. वर्षानुवर्षे चढतो. यात नाट्य नाही.

(५) मूलज. पिंपळादी वृक्षांची मुळे जुन्या भाजक्या मातीच्या नळांच्या सांध्यातून आत शिरतात आणि आत झुपका करतात. हा प्रामुख्याने बंगल्यांचा विकार असून फ्लॅटधारकांनी त्याचा हेवा करू नये.

(६) आगंतुक. फिरकी, चमचा, खेळण्यातल्या गाडीचे चाक, फरशी पुसण्याच्या फडक्याचे टोक. आगंतुक द्रव्य स्वतः फारसे अडवत नाही. ते पहिल्या पाच प्रकारांना बसायला जागा देते.

शुद्ध प्रकार दुर्मीळ असतात. प्रत्यक्षात सर्वत्र संकर आढळतो.

५. वक्रनलिकेचा प्रश्न

अवरोध बहुधा नलिकेच्या वाकणात होतो. मग नलिका वाकडी का करावी? सरळमार्गी मनाला पडणारा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर १७७५ सालापासून उपलब्ध आहे. त्या वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाच्या नळीला इंग्रजी ‘एस’ अक्षराचे वळण देण्याचे पेटंट घेतले. त्या वळणात थोडे पाणी सदैव साचून राहते आणि गटारातील वायूची वर येण्याची वाट अडवते. आपल्या न्हाणीच्या जाळीखालील नाणी ट्रॅपमध्ये, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये हेच पाणी पहारा देत असते. त्याची खोली साधारणतः ५० मिलीमीटर राखण्याचा प्रघात आहे. म्हणजे वाकण हे एकाच वेळी वासाचा अडसर आणि केसांचा अड्डा आहे. दीर्घ सुट्टीवरून परतलेल्या कुटुंबास जो वास येतो, त्याचे कारण अवरोध नसून हे पाणी आटणे हे असते. तेथे तांब्याभर पाणी ओतणे हा पूर्ण उपचार होय.

वाकण निर्माण करणाऱ्यांनी ते उघडण्याची सोयही करावी, हा धर्म त्याहून फार जुना आहे. मोहेंजोदडो येथील विटांच्या गटारांवर उचलता येतील अशी झाकणे होती. ज्या संस्कृतीची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, तिच्या गटारांचा अर्थ मात्र पहिल्या दृष्टिक्षेपात लागतो : तुंबेल हे त्यांनी बांधतानाच गृहीत धरले होते.

६. संप्रदाय

अवरोधाच्या परिहाराविषयी चार संप्रदाय प्रचलित आहेत.

पहिला प्रतीक्षावादी. “जाईल हळूहळू” हे त्याचे महावाक्य. मंदावरोधात त्यास रोज सकाळी अनुभवाची पुष्टी मिळते, कारण पाणी खरोखरच जाते. फक्त जाण्यास लागणारा काळ वाढत राहतो आणि अनुयायी त्याप्रमाणे लवकर उठू लागतात.

दुसरा शलाकावादी. याचे आयुध खराट्याची हीर, उत्तरकाळी कपड्यांच्या हँगरची सरळ केलेली तार. शलाका तुंब्याला भिडते, तुंबा पुढे सरकतो, पाणी वेगाने जाते आणि घरात समाधान पसरते. वस्तुतः येथे परिहार झालेला नसून स्थलांतर झालेले असते. जो तुंबा हाताच्या टप्प्यात होता, तो आता भिंतीत आहे.

तिसरा प्रक्षेपवादी, अनुयायांच्या संख्येने सर्वांत मोठा. अडलेल्या नळीत आणखी काहीतरी टाकल्याने ती मोकळी होते, हा याचा सिद्धान्त. याच्या उपशाखा पुढीलप्रमाणे.

उष्णोदकी शाखा उकळते पाणी ओतते. ताज्या स्नेहज अवरोधात तिला यश येते. परंतु पीव्हीसीचा नळ ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, हे तिने ध्यानी घ्यावे. कढत पाणी चालेल, खळखळ उकळते नको.

फेनवादी शाखा खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतते. दोघांच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायूचा फेस उसळतो. तो नेत्रसुखद असतो. फेस निवल्यावर उरते ते सोडियम अ‍ॅसिटेटचे सौम्य खारट पाणी. आम्ल व अल्क यांनी एकमेकांचा निकाल लावलेला असतो आणि केस या संपूर्ण प्रसंगाचे साक्षी राहतात.

क्षारपंथी शाखा दुकानातील पुडी आणते. तिच्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना तीव्र उष्णता निघते, स्निग्धाचे साबणात रूपांतर होते आणि केराटिनही तुटते. काही पुड्यांत अ‍ॅल्युमिनियमचे कण घातलेले असतात, त्यामुळे हायड्रोजन वायूही सुटतो. या शाखेचे रसायन निर्दोष आहे. दोष भूगोलात आहे. तुंबा पूर्ण असेल तर सोडा त्याच्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, वर साचलेल्या पाण्यातच मुरतो. आता पूर्वी पाणी होते तेथे दाहक द्रव असतो, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर तो पडतो.

अम्लपंथी शाखा फरशी धुण्याचे अ‍ॅसिड वापरते. क्षारज थर त्याने विरघळतो. केसांवर व तुपावर त्याचा प्रभाव नगण्य, चांदीसारख्या चमकणाऱ्या जाळीवर मात्र निश्चित.

समन्वयवादी शाखा सर्व मतांचा आदर करून सर्व काही ओतते. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आल्यास क्लोरिन हा विषारी वायू निघतो. अ‍ॅसिड आणि कॉस्टिक एकत्र आल्यास द्रव उसळून तोंडावर येतो. या शाखेचे ग्रंथ उपलब्ध नाहीत.

चौथा संप्रदाय निष्कासनवादी. याचे आचार्य म्हणजे प्लंबर. त्यांचा संपूर्ण सिद्धान्त एका सूत्रात सांगता येतो : आत काही घालायचे नाही, आतले बाहेर काढायचे. गृहस्थ आणि व्यावसायिक यांच्यात भेद आहे तो अवजारांचा नसून या दिशेचा आहे.

७. निष्कासनविधी

आचार्य प्रथम काहीही उघडत नाहीत. ते विचारतात.

“आत काही टाकलंय का?”

“नाही हो, काहीच नाही.”

“अ‍ॅसिड?”

“थोडंसं.”

या चार वाक्यांशिवाय विधीला आरंभ होत नाही. यानंतर स्थाननिश्चिती. फक्त बेसिनचे पाणी अडत असेल तर दोष त्याच्याच ट्रॅपमध्ये. बेसिन ओतल्यावर फरशीवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर नाणी ट्रॅपच्या पुढे. आणि वरच्यांनी कपडे धुतल्यावर तळमजल्याच्या मोरीतून फेस येत असेल, तर उभा नळ किंवा चेंबर. तळमजल्याचा रहिवासी या अवस्थेत सर्व मजल्यांचे फळ भोगतो. सोसायटीच्या सभेत तोच सर्वाधिक बोलतो, हे सयुक्तिक आहे.

रबरी पंपाचा प्रयोग हा विधीतील सर्वांत गैरसमजग्रस्त भाग. गृहस्थ तो कोरड्या सिंकवर आपटतो आणि हवा इकडून तिकडे हलवतो. हवा दबते, पाणी दबत नाही. पास्कलने सतराव्या शतकात सांगितल्याप्रमाणे बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना जसाच्या तसा पोहोचतो. त्यासाठी द्रव हवा आणि तो बंदिस्त हवा. म्हणून रबराची वाटी बुडेल इतके पाणी आधी असावे. बेसिनच्या काठाजवळील छोटे भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे, जोडसिंक असल्यास दुसरे तोंडही. न केल्यास सर्व पराक्रम त्या भोकातून समोरच्याच्या सदऱ्यावर प्रकट होतो. पहिला दाब हळू द्यावा, म्हणजे वाटीतली हवा निघून जाते. आणि ओढणे हे दाबण्याइतकेच महत्त्वाचे आहे. निष्कासनवादाचे मर्म त्या ओढण्यात आहे.

पंपाने न भागल्यास बॉटल ट्रॅप उघडावा. त्याची खालची वाटी आट्यांची असते आणि बहुधा हातानेच फिरते. आतील वायसर कोणत्या बाजूने बसला होता हे पाहून ठेवावे, कारण नंतर ते कोणालाच आठवत नाही. परत बसवताना हातानेच आवळावे. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना चालवणारा गृहस्थ एका रोगाच्या बदल्यात दुसरा घेतो. नंतर बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडावे व जोडांखाली कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा राहिला तर विधी पूर्ण.

अवरोध ट्रॅपच्या पुढे असल्यास स्प्रिंग. ही लवचीक पोलादी वेटोळ्याची दोरी मुठीने फिरवत आत सोडतात. ती एकाच दिशेने फिरवावी. उलट फिरवल्यास वेटोळे सुटते. टोक तुंब्यात रुतले की हाताला जडपणा कळतो. त्या क्षणी नवशिका ढकलतो, आचार्य मागे घेतात. या यंत्राला मोटर जोडून मोठ्या नळांत चालवण्याची कल्पना अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युअल ब्लँक यांनी १९३०च्या दशकात सिद्धीस नेली. मोटर कपडे धुण्याच्या यंत्राची होती, म्हणजे एका मोरीकारकानेच दुसऱ्या मोरीचा उद्धार केला. याही पुढची पायरी जेटिंग, म्हणजे जोरदार पाण्याची नळी आत सोडणे. तिच्या तोंडाला मागच्या बाजूने फवारे असतात. ते नळीला पुढे रेटतात आणि मैला मागे आणतात. येथेही दिशा तीच.

एकाच जागी पुनःपुन्हा अवरोध होत असल्यास तो आहारदोष नसून जन्मदोष समजावा. चार इंची नळाला ४० फुटांत १ फूट उतार द्यावा असा जुना नियम आहे. उतार कमी पडला तर पाणी पुढे जाते आणि मैला मुक्काम करतो. फरशी बसवणाऱ्याने त्या दिवशी लेव्हलची नळी आणली नव्हती, एवढाच याचा इतिहास असतो.

८. शास्त्राची मर्यादा

हे शास्त्र चेंबरच्या झाकणाशी संपते. झाकणाखाली माणूस उतरवू नये. तेथील वायू क्षणात प्राण घेतो, आणि गटारे व सेप्टिक टँक यांची अशी धोकादायक हाताने सफाई करवून घेण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. “पटकन उतर, दोन मिनिटांचं काम आहे” असे म्हणणारा सेक्रेटरी कोणत्याही संप्रदायात बसत नाही. तेथे यंत्र बोलवावे आणि त्याचे पैसे वर्गणीतून द्यावेत.

उर्वरित क्षेत्र गृहस्थाचे आहे. न्हाणीच्या जाळीवरचे केस ओले असतानाच चिमटीने उचलून कचऱ्यात टाकावेत. वाळल्यावर ते चिकटतात. कढई धुण्यापूर्वी कागदाने पुसावी. चोथा कुंडीत जावा. आणि ज्या वाचकांच्या घरी हा लेख वाचत असतानाच अवरोध चालू असेल, त्यांनी लेख बाजूला ठेवून बेसिनखाली प्रथम बादली सरकवावी, मगच ट्रॅपच्या आट्यांना हात लावावा. बादली भरल्यावर ती त्याच बेसिनमध्ये ओतू नये.